शुवाईची नक्कल

मुकोसा गावात माझ्याइतकी चांगली नक्कल करणारा माणूस झाला नाही. ही फुशारकी नाही. ज्यांची नक्कल केली ते सगळे मातीखाली आहेत, तेव्हा तक्रार करायला कोणी येत नाही. आणि ज्यांनी ती पाहिली त्यातली निम्मी माणसं अजून जिवंत आहेत, त्यांना विचारा. आता माझे गुडघे वाकत नाहीत, पिठाची गिरणी मुलानं विकून टाकली, आणि दुपारी बाकावर बसून जुन्या गोष्टी घोळवण्यापलीकडे मला काम नाही. त्या सगळ्या गोष्टींत एक पोरगी सारखी पुढे येते. हयातीतही ती रांग मोडूनच पुढे यायची.

मी शुंबांच्या घराचा साह्विरा. हरारेहून सुट्टीला येणाऱ्या आजच्या पोरांना साह्विरा म्हणजे काय हेही सांगावं लागतं, आता काय बोलायचं. माझ्या आजोबांनी शुंबांच्या आजोबांशी जोडलेलं हे नातं. रक्ताचं नाही, पण रक्ताच्या नात्यापेक्षा चिवट. शुंबांच्या घरात मी केव्हाही शिरावं, चुलीवरच्या भांड्यातला मटणाचा तुकडा उचलून खावा, घरच्या कर्त्याला चार लोकांत गाढव म्हणावं, आणि त्यानं हसून घ्यावं. राग धरायचा नाही, अहो-जाहो करायचं नाही. लहान पोरांनीही मला अरे-तुरेच करायचं. आणि त्या घरात कोणी गेलं की रडण्याचं काम त्यांचं, बाकी सगळं माझं. खड्डा मी खणायचा, माती मी लोटायची, आणि मयत अंगणातून उचलायच्या आधी मेलेल्या माणसाचे कपडे चढवून त्याची नक्कल करायची. तो कसा चालायचा, कसा जेवायचा, बायकोला कसा टरकायचा. लोक रडता रडता हसतात, आणि मग त्याला पोचवायला निघतात.

ती पोरगी म्हणजे शुंबांची शुवाई. तिच्या बापाची नक्कल मी केली तेव्हा ती दहा वर्षांची होती. बाप खाणीत कामाला, वर्षातून दोनदा घरी यायचा. उंच माणूस, दर वेळी घरात शिरताना कपाळ दारावर आपटायचं आणि तो दारालाच शिव्या घालायचा. मी त्याची टोपी घातली, दारावर डोकं आपटलं, दाराच्या आईबापांचा उद्धार केला. सगळं अंगण हसलं. पोरगी आईच्या मांडीवरून उठली आणि माझ्या मागोमाग चालू लागली. मी वळलो की ती वळायची. नंतर तिनं मला विचारलं, उद्या पुन्हा करशील का. मी म्हटलं, एकदाच करायची असते. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

चौदाव्या वर्षी तिचा गुडघा सुजला. नेटबॉल खेळताना पडली होती, म्हणून आधी सगळ्यांनी त्यावरच खापर फोडलं. आईनं पाला गरम करून बांधला, मीही कुठलं तरी तेल आणून दिलं आणि ते फार गुणकारी असल्याच्या थापा मारल्या. सूज उतरेना तेव्हा आई तिला हरारेला घेऊन गेली. हाडाचा कॅन्सर निघाला. चार महिन्यांनी माय-लेकी बसमधून उतरल्या, तेव्हा शुवाईचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला होता.

इथे मी चुकलो. गावातल्या सगळ्यांसारखा मीही मऊ झालो. त्यांच्या घरी गेलो की हळू आवाजात बोलायचो, भांड्याला हात लावायचो नाही, तिला बाळ म्हणायचो, येताना संत्री न्यायचो. माझा आवाज गिरणीवर काम करून चांगला खडा झालेला. तो हळू काढताना मला धाप लागायची. तीन आठवडे हे चाललं. मला वाटत होतं, मी फार चांगला माणूस आहे.

एका सकाळी गिरणीवर बायकांची रांग लागली होती, इंजिन धडधडत होतं, आणि दारात शुवाई कुबड्या टेकून उभी राहिली. तीन किलोमीटर चालून आली होती, कपाळावरून घाम निथळत होता. तिनं हाताच्या खुणेनं मला इंजिन बंद करायला लावलं. मग सगळ्या बायकांच्या देखत विचारलं, "आमच्या घरानं तुझं काय घोडं मारलंय?"

असं का बोलतेस बाळ, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"हेच ते. बाळ. तीन आठवड्यांत तू मला एक शिवी दिली नाहीस. नातं तोडायचं असेल तर सरळ थोरल्या बाबांना जाऊन सांग. मी दुसरा साह्विरा बघते."

थोरले बाबा म्हणजे तिच्या बापाचे मोठे भाऊ, घरचे कर्ते. बायका खाली बघायला लागल्या. साह्विरानं चेष्टा थांबवली म्हणजे नातं तुटलं, असंच आमच्याकडे धरतात, आणि पोरीनं मला बरोब्बर तिथेच पकडलं होतं. पिठानं माखलेला मी आणखी पांढरा पडलो असेन. शेवटी म्हणालो, एक पाय कमी झाला म्हणून रांगेत पहिला नंबर मिळत नाही, मागे उभी राहा. आणि दळायला मका कुठाय, की तोही इस्पितळातच कापून ठेवला? मग शुवाई हसली, इतकी हसली की एक कुबडी हातातून सुटली आणि पुढच्या बाईच्या पायावर पडली. ती बाई किंचाळली, आणि मग सगळेच हसले.

त्यानंतरचं दीड वर्ष मला महिन्यावार आठवतं. ती शाळेत जायला लागली. गणिताच्या मास्तरांशी भांडायची, आणि भांडणात दर वेळी मास्तरांचीच चूक निघायची, कारण ती आधी उत्तर ताडून पाहायची आणि मगच तोंड उघडायची. एकदा पैज लावून एका पायानं आंब्यावर चढली. चढली खरी, पण उतरता येईना. खाली सगळी शाळा जमली. शिडी आणायला मला बोलावलं तर मी आधी अर्धा तास झाडाखाली बसून तिला आंबे पाडायला लावले. ती वरून मला आणि माझ्या खानदानाला शिव्या घालत होती, आणि पिकलेले आंबे बघून बघून पाडत होती. मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा खाताना भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड हक्कानं तिची. ती खरवडताना जीभ बाहेर काढायची सवय होती. हे सगळं मी त्या वेळी नुसतं बघत होतो. बघणं हा माझा धंदाच.

मग खोकला सुरू झाला. हरारेची आणखी एक फेरी झाली. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी ती गिरणीवर आली, मक्याच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली की रोग छातीत गेलाय. डॉक्टर म्हणाले, आता औषध दुखण्यावर मिळेल, रोगावर नाही. पाऊस पडेल-न पडेल असं बोलतात तशा आवाजात तिनं हे सांगितलं. मी इंजिनाला तेल घालत होतो. घातलेलं तेल मी पुन्हा घातलं.

"माझी नक्कल तू करायचीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, ते होणार नाही. मूलबाळ नसलेल्या माणसाच्या मयताला आमच्याकडे नक्कल करत नाहीत. पोरासोराचं मयत लवकर उरकतात. बायका रडतात, पुरुष जमिनीकडे बघतात, आणि उन्हं कलायच्या आत सगळे आपापल्या घरी. हसण्याजोगं त्याचं आयुष्य झालेलंच नसतं, असं धरून चालतात. थोरले बाबा तर रिवाजाच्या बाबतीत एक पाऊल इकडचं तिकडे होऊ देणारे नव्हते.

"बाबांना तू एकदा अंगणात परत आणलंस," शुवाई म्हणाली. "मला नुसतंच खड्ड्यात टाकणार?"

मग तालमी सुरू झाल्या. दुपारी दळण संपलं की गिरणीच्या मागे. मी डावा पाय पट्ट्यानं मागे बांधायचो, तिच्या कुबड्या घ्यायचो, आणि ती पोत्यावर बसून मला सुधारायची. आधी खांदा, मग कुबडी, मग पाय. बगळ्यासारखं चालू नकोस. मी एवढी वाईट चालत असते तर घरीच बसले असते. मास्तरांशी भांडताना मी बोट दाखवत नाही, भुवई उचलते. तुला भुवया तरी आहेत का पिठाखाली? एकदा मी तोल जाऊन पोत्यांवर पालथा पडलो. ती हसली, हसता हसता खोकली, आणि खोकला थांबल्यावर तोंड पुसून म्हणाली, खोकला दाखवायचा नाही. तो माझा नाही, रोगाचा आहे.

चाळीस वर्षं मी मेलेल्यांच्या नकला केल्या, पण नक्कल तपासून घेणारा मालक मला एकदाच भेटला. आजही कोणाची चाल बघितली की माझ्या डोक्यात तिचाच आवाज येतो, आधी खांदा. त्या दुपारी मला सुखाच्या वाटायच्या, हे सांगायला लाज वाटते, पण वाटायच्या.

चौथ्या का पाचव्या तालमीला ती म्हणाली, एक राहिलंय. मग बराच वेळ पोत्याची सुतळी उसवत बसली.

"आई हापशावर पाण्याला गेली की मी शेळ्यांच्या गोठ्यात जाते. ती म्हातारी काळी शेळी आहे ना, तिच्या गळ्यात हात टाकते आणि रडते. चांगली मोठ्यानं. शेळ्या ओरडत असतात, कोणाला कळत नाही."

मी पायाचा पट्टा सोडून खाली बसलो.

"चर्चमध्ये पास्टर मला शूर म्हणतो. शाळेत शूर म्हणतात. मेल्यावर तर विचारूच नकोस. मला भीती वाटते, साह्विरा. रोज वाटते. ते पण दाखव. नाहीतर ती कोणीतरी दुसरीच पोरगी होईल."

रडताना काय बोलतेस, मी विचारलं. नक्कल करणाऱ्याला हे विचारावंच लागतं.

"काही नाही. आई म्हणते. हळूच. ती हापशावर असते, तिला कुठलं ऐकू यायला."

आणि हे सगळं तुझी आई बघेल तेव्हा, असं मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं गणिताच्या मास्तरांकडे बघायची.

"तेव्हा बघू दे. आत्ता नको. ती माझ्यासमोर रडत नाही, मी तिच्यासमोर रडत नाही. एवढं आम्ही दोघींनी नीट सांभाळलंय. तू मध्ये घाण करू नकोस."

मी हो म्हटलं. पण खरं सांगतो, हो म्हणतानाच मनात ठरवलं होतं की वेळ आली की हा भाग गाळायचा. तिची आई, लेकीच्या नावावरून सगळे तिला माई शुवाई म्हणायचे, ताठ बाई. नवऱ्याच्या मयतानंतर तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. बायका मागे म्हणायच्या, तिचं काळीज दगडाचं आहे. ती मात्र जो भेटेल त्याला एकच सांगायची: माझी पोर घाबरत नाही. तेवढ्या एका वाक्यावर ती बाई उभी होती, आणि ते वाक्य भर अंगणात मोडायचं काम पोरीनं माझ्याकडे दिलं होतं.

सप्टेंबरात शुवाई गेली. सकाळी तिनं शेंगदाण्याचं लोणी घातलेली पेज मागितली, दोन चमचे खाल्ले, मीठ कमी आहे म्हणाली, आणि आई मीठ आणायला उठली तेवढ्यात संपलं. सोळा वर्षं आणि दोन महिने.

खड्डा मी खणला. आमची जमीन खडकाळ, दोन माणसं मदतीला असूनही दुपार झाली. थोरले बाबा खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले की नक्कल-बिक्कल काही नको. माझ्या भावाची लेक आहे, तमाशा होऊ देणार नाही. साह्विरा कोणाचं ऐकत नसतो. पण त्या दिवशी ऐकायला मला फार बरं वाटलं. मी मान डोलावली आणि खणत राहिलो. मनावरचा दगड उतरला होता, आणि तो उतरल्याची शरम खोऱ्यागणिक वाढत होती.

अंगणात सगळं गाव जमलं होतं, शाळा जमली होती. शुवाईला स्वयंपाकाच्या गोल घरात ठेवलं होतं, तिच्याभोवती बायका, आणि उशाशी माई शुवाई. उघड्या दारातून मला ती दिसत होती. डोळे कोरडे, नजर भिंतीवर. पास्टर बोलायला उभा राहिला. चांगला माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही. तो म्हणाला, या मुलीनं भय काय ते जाणलं नाही. म्हणाला, इतक्या यातनांत तिच्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नाही. लोक माना डोलावत होते. तो जसजसा बोलत गेला तसतशी माझी ओळखीची पोरगी पुसली जाऊ लागली, आणि तिच्या जागी चर्चच्या कॅलेंडरवरची कोणीतरी येऊन बसली. खरवडीची भांडीसुद्धा न चाटलेली.

मी उठलो. भिंतीला टेकवलेल्या कुबड्या घेतल्या. दोरीवरचा तिचा शाळेचा स्वेटर अंगात शिरेना, म्हणून गळ्याभोवती बांधला. पट्ट्यानं पाय मागे आवळला आणि अंगणाच्या मधोमध आलो. थोरले बाबा म्हणाले, खाली बस. मी एक भुवई उचलून त्यांच्याकडे बघितलं.

शाळेच्या पोरांतून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि लगेच तोंड दाबलं. मी चालू लागलो. आधी खांदा, मग कुबडी, मग पाय. मास्तरांपाशी थांबून त्यांचं उत्तर तीन प्रकारे चूक काढलं. मास्तर हसले आणि मग चष्मा काढून पुसत बसले. जीभ बाहेर काढून भांडं खरवडलं. आंब्यावर चढलो, वर अडकलो, खाली बसलेल्या गिरणीवाल्याला म्हणजे मलाच अशा शिव्या दिल्या की म्हाताऱ्या बायकांनी अंगावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं. दारात बसलेल्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या. शुवाई अंगणात होती. मेलेलं माणूस नकलेत आलं की मला पाठीत कळतं.

इथे थांबता आलं असतं. लोक खूश होते, थोरल्या बाबांच्याही ओठाचा एक कोपरा हलला होता. माई शुवाई अजून भिंतीकडेच बघत होती, पण तिची मान ताठ होती, आणि तिचं ते एक वाक्य शाबूत होतं. मी पट्टा सोडायला हात मागे नेला. आणि मला सुतळी उसवणारी बोटं दिसली.

गोठा नव्हता, शेळीही नव्हती. सगळ्यांत जवळ थोरले बाबा बाकावर बसले होते. मी कुबड्या टाकल्या, त्यांच्यापुढे एका गुडघ्यावर कोसळलो, त्यांच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि मोठ्यानं रडायला लागलो. तिच्यासारखं. तिनं मला ते एकदाच करून दाखवलं होतं, आणि सुधारायची गरज पडली नव्हती.

पास्टरनं मान खाली घातली. हे काय आहे ते मुलांना आधी कळलं, मोठ्यांना नंतर. थोरले बाबा मला ढकलायला हात उचलत होते. मी श्वास घेतला आणि जसं तिनं सांगितलं होतं तसं, हळूच, म्हणालो, "आई."

"ओ."

आतून आवाज आला. मला वाटलं भास झाला. मी पुन्हा हाक मारली.

"ओ, बाळा."

माई शुवाई बायकांमधून उठून दारात आली होती. दाराची चौकट धरून उभी होती. ती अंगणात उतरली, माझ्याजवळ येऊन मातीत बसली. आवाज नेहमीचाच होता, फक्त फार थकलेला.

"मी पाण्याला जायचेच नाही," ती म्हणाली. "रिकामी बादली घेऊन गोठ्यामागच्या उंबराखाली बसायचे. तिचं रडून होईपर्यंत. मग हापशावर जायचे. सगळं ऐकू यायचं. मला हाक मारायची, आणि मी तोंडात कापड कोंबून बसायचे. ओ दिली असती तर तिला कळलं असतं की मला माहीत आहे. आठ महिने रोज हाक मारली माझ्या लेकीनं, आणि एकदासुद्धा मी ओ दिली नाही."

तिनं माझ्या गळ्यातला स्वेटर सरळ केला, जणू पोर शाळेला निघाली आहे.

"पुन्हा मार हाक," ती म्हणाली.

साह्विरानं त्या घराच्या मयतात रडायचं नसतं. मी रडत होतो, आणि ती नक्कल उरली नव्हती, हे अंगणातल्या पोराटोरांनाही दिसत होतं. मी हाक मारली. तिनं ओ दिली. मी पुन्हा मारली. थोरल्या बाबांनी उचललेला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि मान सोडवून घेतली नाही. उन्हं कलली, खड्डा वाट बघत होता, आणि एकही माणूस घरी जायला उठला नाही. मी आई म्हणत राहिलो आणि ती ओ देत राहिली.